शिष्यवृत्तीचा परिणाम मोजायचा कसा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा ट्रस्ट तालुक्यातील गरजू मुलींना शिष्यवृत्ती देतो. यंदा त्यांतील बहुतेक सर्व मुली दहावी उत्तीर्ण झाल्या. हे योजनेचे यश मानावे का?

उत्तर : मुलींचे यश अवश्य मानावे. योजनेचे म्हणण्यापूर्वी मात्र, ही रक्कम मिळाली नसती तर त्यांतल्या किती जणींची शाळा सुटली असती, हे सांगता आले पाहिजे. निवड गुणांवर झाली असेल, तर एरवीही उत्तीर्ण झाल्या असत्या अशाच मुली यादीत आल्या असण्याचा संभव मोठा आहे.

मेक्सिकोत १९९७ साली सुरू झालेल्या ‘प्रोग्रेसा’ योजनेत याचा विचार आधीच केला होता. मुले शाळेत नियमित हजर राहिली तर आईच्या हाती रोख अनुदान मिळे. आणि मूल्यमापनासाठी घेतलेल्या ५०६ गावांपैकी सोडतीने निवडलेल्या ३२० गावांना लाभ आधी देऊन उरलेली १८६ तुलनेसाठी ठेवली होती. प्राथमिक शाळेतील पटनोंदणी आधीपासूनच नव्वद टक्क्यांच्या वर असल्याने तेथे फरक थोडाच पडला; ठळक फरक दिसला तो माध्यमिक शाळेत प्रवेश घेण्याच्या टप्प्यावर, त्यातही मुलींमध्ये. म्हणजे प्राथमिक इयत्तांसाठी दिलेला पैसा गरीब घराला आधार म्हणून मोलाचा होता, पण तो शिक्षणवाढीच्या खाती जमा धरता येत नाही. आपल्याकडील अहवालांत ही दोन खाती सर्रास एक केली जातात.

प्रश्न : तुलनेसाठी गरीब गावांना वंचित ठेवणे अन्यायाचे नाही का?

उत्तर : सर्वांना एकदम पुरेल इतका पैसा आणि मनुष्यबळ हाती असते, तर अन्यायच ठरला असता. ते नसताना कोणाला तरी थांबावे लागतेच, आणि वशिल्यापेक्षा सोडत बरी. या गावांनाही पुढे साधारण दीड-दोन वर्षांत योजनेत घेतले गेले.

प्रश्न : हजेरीची अट घालावी की नुसतेच पैसे द्यावेत?

उत्तर : आपल्याला काय साधायचे आहे, त्यावर हे ठरेल. आफ्रिकेतील मलावी देशाच्या झोम्बा जिल्ह्यात किशोरवयीन मुलींच्या एका गटाला अटीसह आणि दुसऱ्याला विनाअट पैसे दिले, तेव्हा शाळागळती अटीच्या गटात अधिक घटली. लवकर होणारी लग्ने व गर्भधारणा मात्र विनाअट गटात कमी झाली, कारण शाळा सोडलेल्या मुलीलाही तेथे पैसे मिळत राहिले. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलींनी स्वतः सांगितलेली माहिती आणि शिक्षकांकडून पडताळलेली माहिती यांतून तेथे वेगवेगळी चित्रे दिसली. नुसत्या तोंडी सांगण्यावर विसंबले असते, तर अटीचा फायदा लक्षातच आला नसता.

प्रश्न : योजना राज्यभर एकदम लागू झाली असेल, तर तुलना कोणाशी करायची?

उत्तर : बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देणे सुरू केले, तेव्हा तिचा परिणाम अभ्यासणाऱ्या कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांपुढे हीच अडचण होती. त्यांनी मुलींची तुलना त्याच राज्यातील मुलांशी केली आणि हा फरक २००० पर्यंत बिहारचाच भाग असलेल्या झारखंडमधील फरकाशी ताडून पाहिला. परिणाम मुख्यतः माध्यमिक शाळेपासून तीन किलोमीटर किंवा अधिक दूर असलेल्या गावांत आढळला. सायकलीने अंतराची अडचण दूर केली, असे म्हणायला याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

प्रश्न : महाराष्ट्राच्या ‘लेक लाडकी’ योजनेचे मूल्यमापन आत्ताच करता येईल का?

उत्तर : हप्ते वेळेवर पोहोचतात की नाही, एवढे आज तपासता येईल. एकूण १ लाख १ हजार रुपयांपैकी ७५ हजार मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मिळणार आहेत आणि योजना १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी आहे. तेव्हा तिच्या मुख्य हेतूविषयी २०४१ पूर्वी फारसे बोलता येणार नाही. मात्र त्या तारखेच्या काही आठवडे आधी जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्याच घरांतील मुली हा तुलनेसाठी आयता गट आहे. त्यांची नावे लाभार्थी यादीत नसल्यामुळे त्यांची नोंद आजपासूनच वेगळी ठेवावी लागेल.