अहवाल कोणत्या तारखेला मिळाला, ते आधी सांगा

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. औषध निरीक्षकांनी ऑक्सिटेट्रासायक्लिन इंजेक्शनचा नमुना नेला होता. गणपतीत शासकीय विश्लेषकाचा अहवाल आला. लेबलवर लिहिलंय त्याच्या निम्म्याहून कमी औषध आणि लेबलही नियमाप्रमाणे नाही, असं त्यात आहे. होलसेलवाला म्हणाला, कंपनी बघून घेईल, म्हणून मी उत्तर दिलं नाही. आता माल कोणाकडून घेतला, अशी विचारणा करणारं दुसरं पत्र आलंय. मी फक्त विक्रेता आहे. दुकान पत्र्याचं आहे, उन्हाने औषधाची ताकद कमी झाली असेल, असं लिहून पाठवू का?

उत्तर : पाठवू नका. त्या वाक्याकडे नंतर येतो.

विक्रेत्यांची अशी पत्रं वर्षभर येतात आणि जवळपास प्रत्येकात एकच गोष्ट गाळलेली असते : अहवाल हातात पडल्याची तारीख. होलसेलवाला काय म्हणाला हे तुम्ही नीट लिहिलंत, तारीख मात्र ‘गणपतीत’. गणपती दहा दिवस असतात हो. चतुर्थीला पत्र आलं असेल, तर नवरात्राच्या दुसऱ्या माळेच्या सुमारास तुमची मुदत संपली. विसर्जनाच्या तोंडावर आलं असेल, तर ती दसऱ्याच्या आसपास संपेल. कोर्टात तिथी चालत नाही. पाकिटावरचा शिक्का किंवा तुम्ही सही केलेली पोच शोधा आणि तिथून २८ दिवस मोजा.

औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा, १९४० चं कलम २५(३) असं सांगतं : अहवालाची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत, अहवाल खोडून काढणारा पुरावा देण्याचा इरादा आहे असं निरीक्षकाला किंवा खटला सुरू असेल तर कोर्टाला लेखी कळवलं नाही, तर अहवालातला मजकूर हा निर्णायक पुरावा ठरतो. म्हणजे पुढे कितीही मोठा वकील उभा केलात, तरी इंजेक्शनमध्ये औषध पुरेसं होतं हे म्हणायची सोय उरत नाही.

मुदत शिल्लक असेल तर आजच चार ओळींचं पत्र लिहा. अमुक क्रमांकाचा अहवाल अमुक तारखेला मिळाला, तो मान्य नाही, कलम २५(३) प्रमाणे त्याविरुद्ध पुरावा देण्याचा माझा इरादा आहे. बस. ‘मी गरीब दुकानदार आहे, सहानुभूतीने विचार व्हावा’ असली पत्रं मी फायलींमध्ये पाहतो. त्यांचा या कलमासाठी काहीही उपयोग नसतो. पत्र हाताने देऊन प्रतीवर आवक शिक्का घ्या, शिवाय स्पीड पोस्टने पाठवा. कंपनीने तिच्या बाजूने आक्षेप घेतला तर त्याचा फायदा कदाचित तुम्हालाही मिळेल, पण तिने घेतलाय की नाही हे तुम्हाला कोण सांगणार? तोच होलसेलवाला?

आक्षेप वेळेत गेला, तर कोर्टाकडचा सीलबंद भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत पाठवता येतो आणि मग तिचा अहवाल अंतिम. अडचण आपल्या कोर्टांची आहे. तक्रार दाखल होऊन समन्स निघेपर्यंत बाटलीचीच मुदत उलटते. फेरतपासणीचा हक्क असा वाया गेला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मेडिकॅमेन बायोटेकच्या प्रकरणात खटला रद्द केला होता. पण ज्याने २८ दिवसांत तोंडच उघडलं नाही, त्याला हा आधार मिळणं अवघड. निरीक्षकांनी तुम्हालाही नमुन्याचा एक सीलबंद भाग दिला असेल. तो फोडू नका, कंपनीच्या माणसाच्या हाती तर मुळीच देऊ नका.

आता ते ऊन. उत्पादक नसलेल्या विक्रेत्याला कलम १९(३) चा बचाव आहे. माल परवानाधारकाकडून घेतला, दोष माहीत नव्हता व वाजवी काळजी घेऊनही कळला नसता, आणि औषध नीट साठवून होतं त्याच स्थितीत ठेवलं, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. पत्रा तापला असेल हा तुमचा निव्वळ अंदाज, आणि तो लिहून देऊन तिसरी अट तुम्ही स्वतःच मोडणार होतात. खोटं लिहू नका, पण अंदाजही लिहू नका.

कलम १८-ए खालच्या दुसऱ्या पत्राला मात्र उत्तर द्यावंच लागेल. पुरवठादाराचं नाव-पत्ता दडवला तर त्याचीच वेगळी शिक्षा आहे : एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान २०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. बिल जोडा. बिलावर बॅच नंबर आहे ना, ते बघा. नसेल तर ही बाटली त्याच बिलावरची, हे सिद्ध करताना दमछाक होईल. मागच्या तारखेचं बिल ‘करून देतो’ म्हणणारा भेटेल, त्याला दारातूनच परत पाठवा.

लेबलच्या दोषाबद्दल मी तितकासा निश्चिंत नाही. जनावराच्या डोक्याचं चिन्ह, ‘माणसांसाठी नाही’ ही सूचना, औषध दिल्यावर किती दिवस दूध वापरायचं नाही हे, यातलं नेमकं काय नव्हतं ते तुम्ही कळवलेलं नाही. बाटलीत काय आहे हे दुकानदाराला दिसत नाही, लेबल दिसतं. त्यामुळे ‘कळलं नसतं’ हा बचाव इथे लंगडा पडू शकतो. प्रकरण साध्या मिथ्याछापाचं, म्हणजे लेबल नियमाप्रमाणे नसल्याचं असेल, तर कलम २७(डी) खाली एक ते दोन वर्षं कैद आहे, आणि २०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतर तडजोडीची, म्हणजे ठरावीक रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची, वाट खुली आहे. लेबलवरचा उत्पादकच अस्तित्वात नाही असं निघालं, तर औषध बनावट ठरतं आणि शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. म्हणून अहवालाची आणि लेबलची प्रत पाठवा.

परवान्याबाबत कारणे दाखवा नोटीस आली तर ती कार्यवाही स्वतंत्र असते. तिचं उत्तर वेगळं द्या आणि परवाना निलंबित झाला, तर राज्य सरकारकडे अपील करायला तीन महिने असतात. ती मुदत मात्र आदेशाच्या तारखेपासून.