आमच्या चर्चच्या मंडळीत मराठी, तेलुगू, मल्याळी आणि झारखंडची हिंदी बोलणारी कुटुंबं आहेत. पाळकसाहेब निवृत्त होतायत. नवा पाळक कसा निवडावा?

उमेदवाराला रविवारी पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या जागी, उभं करायचं, संदेश ऐकायचा आणि बाहेर मांडवात चहा पिता पिता निर्णय घ्यायचा, ही पद्धत आधी बंद करा. मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका मंडळीत बरीच वर्षं समितीवर आहे. याच मुद्द्यावरून आमच्यातल्या एका ज्येष्ठ वडिलांशी (म्हणजे मंडळीच्या एल्डरशी) माझं अजून पटत नाही, म्हणून हे लिहितेय.

आमची मंडळी मूळची जालन्याकडच्या मराठी कुटुंबांची. 1985 ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, वसाहत वाढली आणि माणसं येत गेली. दवाखान्यांत केरळच्या सिस्टर, ठेकेदाराकडं झारखंडची पोरं, बांधकामावर देगलूर-बिलोलीकडचे आणि आंध्रातले तेलुगू गवंडी. रविवारी सगळे एकाच छताखाली बसायचे, पण समितीत बहुतेक सगळी आडनावं आमचीच, जुन्या घरांची.

मागं एकदा पाळक निवडताना एक उमेदवार आले. सेरामपूरची बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी, आवाज खणखणीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या गीतानं सुरुवात केली, मग मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत संदेश दिला. मंडळी खूश. वडील म्हणाले, “हाच माणूस.” मी म्हटलं, “आधी चार घरी पाठवा, प्रार्थनेला. रांजणगावच्या कामगारांच्या खोल्यांत बसतात का बघू.” उत्तर आलं, “बाई, पाळक निवडतोय, पाहुणा नाही.”

पाळक आले. काही महिन्यांनी एका तेलुगू गवंड्याची बायको घाटी रुग्णालयात ॲडमिट झाली. नवऱ्यानं दोनदा निरोप पाठवला, येऊन प्रार्थना करा. पाळकांनी कळवलं, रविवारी नाव घेऊ. रविवारच्या आतच ती गेली. दफनविधी मराठीत झाला, थोडा इंग्रजीत. तिची आई खड्ड्याच्या कडेला उभी होती. आपल्या लेकीसाठी काय म्हटलं जातंय, यातलं एक अक्षर तिला कळत नव्हतं. आमच्या मंडळीत तेलुगू बायबल असलेली डझनभर घरं होती. एकालाही पुढं बोलावून “तू एक स्तोत्र वाच” म्हणायचं कुणाला सुचलं नाही. नंतर थोड्याच दिवसांत त्या लोकांनी एक गाळा भाड्यानं घेतला आणि वेगळी उपासना सुरू केली.

वडील म्हणाले, “त्यांना वेगळं व्हायचंच होतं.” नाही. ते कित्येक वर्षं मागच्या बाकांवर बसून मराठी गाणी म्हणत होते. वेगळं व्हायचं असतं तर कधीच झाले असते.

त्यानंतरच्या बैठकीत मी बायबलमधला प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 वाचून दाखवला. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. तक्रार झाली तेव्हा मंडळीनं सात जण निवडले, आणि सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्यासारख्यांच्या हाती कारभार दिला. वडील म्हणाले, “ते पंगतीच्या वाढपाचं होतं, उपदेशाचं नव्हतं.” त्याच सातांतल्या स्तेफनानं आणि फिलिप्पानं पुढं काय केलं, ते सातव्या आणि आठव्या अध्यायात आहे. आणि “आत्मा एकच, मग भाषेचं काय घेऊन बसलात” असं तुमच्याकडंही कुणी म्हणेल. त्याला पेंटेकॉस्टचा, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस वाचायला सांगा. आत्मा एकच होता, तरी प्रत्येकाला आपल्या जन्मभाषेत ऐकू आलं.

पुढच्या वेळी मी हट्टच धरला. उमेदवार शनिवारी यायचा, प्रत्येक भाषेच्या एका तरी घरी जायचा आणि पहिलं मत सगळ्यांत लहान गटाचं घ्यायचं. जे पाळक आम्हाला मिळाले त्यांचा संदेश साधाच असतो. पण एका तेलुगू म्हातारीच्या खोलीत ते जमिनीवर बसले, तिला तिचं गाणं म्हणायला लावलं आणि प्रभूची प्रार्थना तिच्या नातीकडून तेलुगूत म्हणवून घेतली. गाळ्यातली काही कुटुंबं परत आली, सगळी नाही.

अजून एक गोष्ट मराठवाड्यात विचारलीच पाहिजे, ती म्हणजे उमेदवार जातीच्या आणि कागदांच्या बाबतीत कसा आहे. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशामुळं दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. 1990 पासून बौद्धांना आहेत. सख्ख्या चुलतभावाला मिळतात, याला नाहीत, अशी घरं आपल्याकडं गावोगाव. त्यामुळं कुणाचा जातीचा दाखला एक सांगतो आणि रविवार दुसरं. अशा कुटुंबाला पुलपिटावरून टोमणे मारणारा पाळक कितीही विद्वान असो, नको. आणि कुणाच्या घरचं पाणी पितो, कुणाच्या घरी “आत्ताच चहा झाला” म्हणतो, हे शनिवारच्या भेटीत दिसतंच.

मल्याळी कुटुंबांना एक जास्तीची उपासना हवी असेल तर देऊन टाका, त्यावरून पाळक अडवू नका. सगळ्यांसाठी इंग्रजी हा तोडगा मला मान्य नाही. त्यात गवंडी आणि ठेकेदाराची पोरं दोन्ही बाहेर पडतात.

हे सगळं स्वतंत्र मंडळीला धरून लिहिलंय. तुम्ही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट असाल तर नेमणूक बिशप करतात, तुमच्या हातात विनंती तेवढी. पण ती लेखी द्या, आणि त्यावर फक्त सेक्रेटरीची नको, प्रत्येक भाषेच्या माणसाची सही घ्या. स्वतंत्र असाल तर 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावायचा परवाना उमेदवाराकडं आहे का, ते आधी बघा. नसेल तर तो मिळेपर्यंत लग्नं कोण लावणार, हे बोलावण्याआधीच ठरवा. पगाराचं आणि घरभाड्याचंही तेव्हाच.