सायकल जुनीच घ्या, पण आधी त्या पॉलिसीचं बघू

प्रश्न : वय ५६, राहणार नेपरव्हिल, इलिनॉय. पगार वर्षाला १ लाख ३० हजार डॉलर. कमरेतली चकती सरकल्यापासून साधी सायकल बंद आहे, म्हणून रेलून चालवायची रिकम्बंट घ्यायची आहे. जवळच एक गृहस्थ त्यांची २०१२ची तीनचाकी कॅट्राइक १,३०० डॉलरला विकतायत. त्याच कंपनीची नवी दुकानात ३,९००ला आहे. दुकानदार १८ महिने बिनव्याजी हप्ते देतो, आणि म्हणतो की डॉक्टरची चिठ्ठी आणली तर एचएसएतून (औषधपाण्याच्या करमुक्त बचत खात्यातून) पैसे भरता येतील. वर १,८०० टाकून मोटरही बसवा म्हणतो. हौस मोठी आहे, पण सध्या हात आखडता आहे, कारण महिना १,५०० डॉलर एका निवृत्ती योजनेत जातात. मंडळातल्या मित्राने करून दिली : बाजार पडला तरी तोटा नाही, ७ टक्के करमुक्त, ६६व्या वर्षापासून आजन्म महिना साडेतीन हजार. तिच्यासाठी ४०१ के, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यात भरायची रक्कम, पगाराच्या ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलीय (कंपनी ५ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर घालते). जुनी घ्यावी की नवी?

उत्तर : तुमचं मूळ पत्र चार पानांचं होतं, ते मी वर काटछाट करून दिलंय. चारातली साडेतीन पानं सायकलवर होती आणि वाचायला मजा आली. शार्ल मोशेने बनवलेल्या वेलोकार या रिकम्बंटवर बसून फ्रांसिस फोरने ७ जुलै १९३३ला पॅरिसमध्ये तासाला ४५.०५५ किलोमीटरचा विक्रम केला, ऑस्कर एगचा १९१४पासूनचा विक्रम मोडला, आणि पुढच्याच वर्षी यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने असल्या सायकली शर्यतीतून बाद केल्या. हे सगळं तुम्हाला तारखांसकट पाठ आहे. दोन्ही सायकलींच्या चाकांचे व्यास तुम्ही मिलिमीटरमध्ये लिहिलेत. आणि महिना दीड हजार डॉलर गिळणाऱ्या योजनेला दिलीत एक ओळ, तीही कंसात. योजनेचं नावसुद्धा नाही.

म्हणून मी स्टेटमेंट मागवलं. नाव निघालं इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ. म्हणजे आयुर्विमा, ज्यातलं व्याज शेअर बाजाराच्या निर्देशांकावर ठरतं. निवृत्ती योजना हे नाव तुमच्या मित्राने ठेवलेलं.

त्याआधी ४०१ केचं बोलू, कारण तिथली चूक सोमवारी सकाळी दहा मिनिटांत दुरुस्त होते. तुम्ही ५ टक्के घातले तर कंपनी ५ टक्के घालणार. तुम्ही २ घालता, म्हणून कंपनीही २ घालते. राहिलेले ३ टक्के म्हणजे १ लाख ३० हजारांवर ३,९०० डॉलर. आकडा ओळखीचा वाटतोय? नव्या सायकलीची किंमत आहे ती. दर वर्षी एक कोरी कॅट्राइक तुमची कंपनी दारात आणून उभी करते आणि तुम्ही ती परत पाठवता. जानेवारी २०२३मध्ये पॉलिसी घेतलीत त्याला २८ महिने झाले, म्हणजे साधारण ९,१०० डॉलर गेले. ते आता मिळायचे नाहीत. पुढची दहा वर्षं हेच चालू ठेवलंत, तर ६ टक्क्यांच्या बेताच्या वाढीने आणखी ५१ हजार सोडल्यासारखे होतील, आणि ते फक्त कंपनीच्या वाट्याचे. तुमचे ३ टक्के वेगळेच.

सोमवारी ते ५ वर न्या. पैसे कर कापायच्या आधी जातात, त्यामुळे हातात येणारा पगार महिना अडीचशेच्या आसपास कमी होईल, सव्वातीनशेने नाही.

आता ती पॉलिसी. २८ हप्ते भरलेत, म्हणजे ४२ हजार. स्टेटमेंटमध्ये ठळक छापलंय ३४,६००, आणि फोनवर तुम्ही मला तोच आकडा ‘जमा’ म्हणून सांगितलात. त्याच पानावर खाली सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी लवकर मोडल्याचा दंड, आहे १८,९००, आणि त्याखाली शेवटचा आकडा १५,७००. आज पॉलिसी मोडली तर हाती येणारी रक्कम ती. ४२ हजार घालून पावणेसोळा हजार. ‘तोटा नाही’ या शब्दांचा अर्थ तुमच्या मित्राला विचारा, माझ्याकडे नाही.

खरं तर तो शब्द खोटाही नाही, म्हणून तर चालतो. निर्देशांक पडला तर त्या वर्षी व्याज शून्य जमा होतं, उणे होत नाही. पण विम्याचा खर्च, हप्त्यामागची कपात आणि पॉलिसी फी ही शून्याच्या वर्षीही वजा होतच राहते. २०२२सारखं वर्ष आलं (एस अँड पी ५०० हा अमेरिकी शेअर निर्देशांक तेव्हा १९ टक्के खाली गेला होता), की तुम्हाला शून्य मिळणार आणि खर्च जाणारच. आणि चांगल्या वर्षी काय मिळतं? २०२३मध्ये निर्देशांक २४ टक्के चढला, २०२४मध्ये २३. तुमच्या पॉलिसीच्या व्याजाला साडेनऊ टक्क्यांचं झाकण आहे, त्यामुळे दोन्ही वेळा साडेनऊ. लाभांश तर हिशेबातच धरत नाहीत. शेअर बाजाराची दोन उत्तम वर्षं लागोपाठ मिळाली, तरी भरलेल्या ४२ हजारांचे ३४,६०० झाले. याहून वेगळा पुरावा मी शोधत बसणार नाही. जमा झालेलं व्याज धरलं तर खर्चात दहा हजारांच्या वर गेलेत, वर्षाला साडेचार हजार तरी.

‘आजन्म महिना साडेतीन हजार’ हे मी कागदाच्या पाठीवर करून पाहिलं. एका पैशाचाही खर्च नाही आणि दर वर्षी न चुकता ७ टक्के, असं स्वप्न धरलं, तरी ६६व्या वर्षी साठतात ३ लाख ३० हजार. त्यातून वर्षाला ४२ हजार काढलेत तर उरलेल्यावर ७ टक्के मिळत राहूनही ७८व्या वर्षी खडखडाट. तुमच्या वडिलांचं वय तुम्हीच लिहिलंय, ८७. आणि हा स्वप्नातला हिशेब झाला. प्रत्यक्षात तुम्ही सत्तरीत असताना विम्याचा खर्च दर वर्षी वाढत असतो. पैसे काढायचे तेही पॉलिसीवर कर्ज म्हणून, ‘करमुक्त’ म्हणतात ते त्यामुळे. साठलेलं संपून कर्ज डोक्यावर असताना पॉलिसी बंद पडली, तर आतापर्यंतचा नफा एका फटक्यात करपात्र उत्पन्न होतो. ऐंशीच्या घरातल्या माणसाला आयआरएसचं, म्हणजे करखात्याचं, बिल.

हे सगळं पुढच्या वर्षांचा अंदाज दाखवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यात लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. विमा नियामकांनी या पॉलिसींच्या तक्त्यांमध्ये किती गुलाबी दर दाखवायचे यावर २०१५मध्ये मर्यादा घातली, मग २०२०मध्ये ती आणखी आवळावी लागली. यातून काय ते समजा. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आजन्म’ लिहायला मर्यादा कोण घालणार?

मित्राबद्दल तुम्ही लिहिलंत की मुलांच्या मुंजी एकत्र झाल्या, त्याला वाईट वाटेल. वाटू दे. अशा पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा वाटा विकणाऱ्याच्या आणि त्याच्या वरच्या साखळीच्या कमिशनमध्ये जातो. तुम्हालाही ‘टीममध्ये ये, साइड इन्कम होईल’ असं आमंत्रण आलंय, हे तुम्ही ताजा कलममध्ये लिहिलंत. तिळगूळ देता देता पॉलिसी विकणारे मला आता दर संक्रांतीला भेटतात. बहुतेकांना स्वतःलाच तक्ता वाचता येत नाही. तुमच्या मित्राने स्वतःसाठीही हीच घेतली असेल, अशी माझी पैज. तो लबाड नसेलही. पैसे तुमचेच गेलेत.

आता करायचं काय, तर घाईने मोडायची नाही. तुमच्यावर घराचं नऊ वर्षांचं कर्ज आहे आणि मुलाच्या कॉलेजची दोन वर्षं बाकी आहेत. विम्याची गरज खरी आहे, फक्त ती साध्या मुदतीच्या विम्याने भागते. दहा वर्षांचा, पाच लाखांचा टर्म काढा. चकती सोडली तर तब्येत ठीक आहे म्हणता, मग महिना दीडशे-दोनशेत बसावा. तो मंजूर होऊन पॉलिसी हातात येईपर्यंत जुनीला हात लावू नका. मधल्या काळात विमा कंपनीला (मित्राला नव्हे, कंपनीला) थेट पत्र लिहून चालू पॉलिसीचा नवा तक्ता मागा, ४ टक्क्यांच्या दराने, आणि सरेंडरची रक्कम वर्षागणिक दाखवून.

तो आला की पुन्हा बोलू, पण माझा कल लपवत नाही : मोडा. सरेंडर चार्ज दर वर्षी दीडएक हजाराने उतरतो, म्हणून ‘थोडं थांबू’ असं सगळ्यांना वाटतं. ते दीड हजार वाचवायला वर्षाला साडेचार हजारांचा खर्च सोसायचा का? २६ हजारांचा तोटा झालाय, तो करातही वजा होत नाही. (करकायद्याच्या कलम १०३५खाली ही रक्कम स्वस्त अ‍ॅन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या पेन्शन योजनेत, वळवून तो तोटा पुढच्या नफ्यातून भरून काढायची एक वाट आहे. पावणेसोळा हजारांसाठी ती कटकट मी करणार नाही. तुमचा कर सल्लागार हौशी असेल तर त्याला विचारा.)

मोकळे होणारे १,५०० असे लावा : अडीचशे ४०१ केच्या वाढीव ३ टक्क्यांना, पावणेदोनशेच्या आसपास टर्मला. उरतात हजाराच्या वर. पहिले दोन महिने ते सायकलीला. त्यानंतर ४०१ केची टक्केवारी आणखी वाढवा. पन्नाशीपुढच्यांना जादा भरायची मुभा आहे आणि तुमच्याकडे दहाच वर्षं आहेत.

हां, सायकल. जुनी घ्या.

१,३००वर थांबणार नाही हे धरून चला. तीन टायर, दीडशे. रिकम्बंटची चेन साध्या सायकलीच्या अडीच-तीन चेन जोडून होते, तेव्हा तिथे पाऊणशे. मागची गिअरची चकती, चेनला वाट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या पुल्या, केबली, तेरा वर्षांत सैल पडलेलं सीटचं जाळीचं कापड आणि मजुरी मिळून आणखी साडेतीनशे-चारशे. म्हणजे १,९००. नवीपेक्षा दोन हजार स्वस्त, आणि दोन वर्षांनी कंटाळा आला तर हजारला तरी जाईल. नवी दुकानाबाहेर काढली की तिचा पहिला हजार तिथेच गेला.

घेण्याआधी फ्रेम उलटी करून प्रत्येक वेल्ड बोटाने चाचपा, विशेषतः पुढची दोन चाकं धरणारा आडवा दांडा मधल्या नळीला जिथे जोडलाय तिथे. अ‍ॅल्युमिनियमला केसाएवढी चीर दिसली तरी परत फिरा, ती दुरुस्त करत बसायची गोष्ट नाही. मूळ गॅरंटी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते.

मोटर नको. तुम्ही चालवणार फॉक्स नदीच्या काठाने आणि इलिनॉय प्रेअरी पाथवर. प्रेअरी पाथ जुन्या रेल्वेच्या मार्गावर आहे, रेल्वेला चढ परवडत नव्हता, तुम्हाला कुठून लागणार? १,८०० डॉलर देऊन कोणता डोंगर चढायचाय? त्या वाटेवर बराच भाग चुनखडीच्या बारीक खडीचा आहे, तेव्हा टायर बदलाल तेव्हा अंमळ रुंद घाला.

बिनव्याजी हप्त्यांचा कागद तुम्ही पाठवलात. त्यात लिहिलंय की अठराव्या महिन्याअखेर एक डॉलर जरी राहिला तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागेल, २९ टक्क्यांनी. फाडून टाका. एचएसएचंही तसंच. तुमच्या हाडांच्या डॉक्टरने तपासून ‘या दुखण्यावर उपचार म्हणून’ असं लिहून दिलं, तर विचार करता येईल. दुकानदार ज्या संकेतस्थळाचं नाव सांगतोय, तिथे पाच मिनिटांत प्रश्नावली भरून चिठ्ठी विकत मिळते, आणि असल्या प्रकारांबद्दल आयआरएसने मार्च २०२४मध्ये जाहीर इशारा दिलाय. खर्च नामंजूर झाला तर कर आणि वर २० टक्के दंड.

एका बाबतीत मात्र मी दोन हजारांचा हिशेब सोडून देईन. या तीनचाकींच्या काही सीट जमिनीपासून वीतभरच उंच असतात. बसायला छान वाटतं, उठताना सगळा भार कमरेवर आणि गुडघ्यांवर येतो. जाहिरातीत उंची दिलेली नाही. त्या गृहस्थांकडे जा, बसा, उठा, असं दहा वेळा करा, हाताला धरायला कोणी न घेता. दहाव्या वेळी कमरेने तक्रार केली तर ती सायकल फुकटही नको. मग उंच सीटची जुनी शोधा, दोन महिने थांबावं लागलं तरी. पैसे जमायलाही तेवढेच लागणार आहेत. विमा कंपनीचा तक्ता आला की पाठवा. मित्राने आधी बघून दिलेला नको, पाकीट न फोडता.