सीईएस २०२५ या तंत्रज्ञान प्रदर्शनातल्या, एनव्हिडियाच्या ५०९० ग्राफिक्स कार्डवाल्या लॅपटॉपपैकी कोणता घ्यावा: रेझर ब्लेड १६, आसूस स्कार १८ की एमएसआय टायटन १८?

तिन्हींत ५०९० आहेच, मग स्क्रीन आणि जाडी बघून ठरवू, असं तुम्ही लिहिलंय. अगदी याच हिशोबाने मी एकदा तोंडावर आपटलोय, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

२०२१ चा सीईएस करोनामुळे ऑनलाइन झाला होता. घरात बसून एकूण एक प्रेझेंटेशन पाहिलं आणि त्यातला सगळ्यात सडपातळ, ३०८० कार्डवाला (५०९० च्या आधीच्या पिढ्यांतलं कार्ड) लॅपटॉप पक्का केला. कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्या भावोजींनी त्याच सुमाराला त्याखालच्या ३०७० कार्डवाला, दोन बोटं जाड, प्लास्टिकचा एक ठोकळा घेतला. मी त्याला वीट म्हणायचो, त्यांच्यासमोर. ते फक्त हसायचे, आणि मला तेच जास्त लागायचं.

एका संध्याकाळी त्यांनी दोन्ही लॅपटॉप डायनिंग टेबलावर शेजारी शेजारी मांडले. एकच गेम, एकच सेटिंग, कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) आणि ग्राफिक्स कार्डाचे वॅट दाखवणारी पट्टी. माझा ९२ वर सुरू झाला. दहा मिनिटांत पंखा शिट्टी मारायला लागला, डब्ल्यूच्या बटणावर बोट ठेववेना आणि आकडा ७८ वर येऊन बसला. वीट ८६ ला होती ती ८६ लाच. भावोजी काही बोलले नाहीत. माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या एका आकड्यावर त्यांनी फक्त बोट ठेवलं: ८० वॅट. मग स्वतःच्या स्क्रीनवर: १२५.

चूक कार्डाची नव्हती. लॅपटॉपमधलं ३०८० हे ८० पासून १५० वॅटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा होती आणि माझ्या सडपातळ सुंदरीला त्यातला तळ मिळाला होता. कमी वॅटच्या कार्डाच्या नावातली मॅक्स-क्यू ही पाटी त्याच पिढीत गेली, त्यामुळे खोक्यावर नुसतं ३०८०. वॅटचा आकडा मी शोधलाच नव्हता, ही माझी अक्कल.

आता तुमचे तीन. लॅपटॉपचं ५०९० म्हणजे डेस्कटॉपचं ५०९० नव्हे, हे आधी डोक्यात बसवा. तिकडे २१,७६० कोअर, ३२ जीबी मेमरी, ५७५ वॅट. इकडे १०,४९६ कोअर, २४ जीबी आणि जास्तीत जास्त १७५ वॅट. तेही १५० अधिक २५, आणि ते वरचे २५ प्रोसेसर शांत असेल तेव्हाच कार्डाकडे वळतात. स्कार आणि टायटन पूर्ण १७५ देतात, ब्लेड १६० वर थांबतो. पंधरा वॅटने आभाळ कोसळत नाही. खरा फरक प्रोसेसरमध्ये आहे: जाड दोघांत इंटेलचे २४ कोअरवाले एचएक्स चिप, ब्लेडमध्ये एएमडीचा १२ कोअरचा रायझन एआय ९ एचएक्स ३७०. तो कमी वीज खातो, म्हणूनच त्या अंगात बसतो. पण ब्लेडची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे. आज ३२ घेतलीत तर मरेपर्यंत ३२.

टायटनमध्ये रॅमचे चार स्लॉट, ४के मिनी-एलईडी स्क्रीन, खऱ्या मेकॅनिकल स्विचचा कीबोर्ड आणि साडेतीन किलोच्या वर वजन. सगळं आहे, पण स्क्रीन १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चित्रंच. १८ इंचांवर ४के चालवण्यासाठी कार्डाचा घाम काढायचा आणि वर १२० वर अडकायचं, हे मला पटत नाही. स्कारचा २.५के, २४० हर्ट्झचा मिनी-एलईडी गेमिंगला जास्त शहाणपणाचा. तळाचं झाकण स्क्रू ड्रायव्हरशिवाय निघतं. धूळ दर दोन-तीन महिन्यांनी साफ करावीच लागते, तेव्हा याची किंमत कळेल.

सीईएसच्या मुख्य भाषणात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५०७० म्हणजे मागच्या पिढीच्या ४०९० ची कामगिरी असं सांगितलं, ते डीएलएसएस ४ हे फ्रेम वाढवणारं तंत्र धरून. एक फ्रेम खरी काढायची आणि पुढच्या तीनपर्यंत एआयने भरायच्या. तसल्या आलेखांवरून लॅपटॉप निवडू नका.

भावोजी मात्र त्या संध्याकाळपासून जाड तो चांगला असं सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरतात, आणि इथे मला बोलायचं आहे. जाडीने काही होत नाही. वॅट किती आणि ते तासभर टिकतात का, एवढंच बघायचं असतं. पंधरा मिलीमीटरच्या ब्लेडला कागदावर १६० वॅट मिळतात, त्यांच्या विटेला १२५ होते. आणि त्यांची वीट चार्जरशिवाय पूर्ण जोरात कधी चालली? तसा असला कोणताच लॅपटॉप चालत नाही. विमानात १०० वॅट-अवरच्या वरची बॅटरी सहज नेता येत नाही म्हणून टायटनलाही ९९.९ वर थांबावं लागतं. तो पूर्ण जोरात २७० वॅट ओढतो. भागाकार करा, बावीस मिनिटं. म्हणून बॅटरीवर कार्डाचे वॅट आपोआप कापले जातात.

हो, एक राहिलं. फक्त गेम खेळायचे असतील तर ५०९० कशाला? ५०८० च्या १६ जीबीत भागतं. २४ जीबी हवी ती घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांना किंवा जड थ्रीडी रेंडर करणाऱ्यांना. आणि रोज पाठीवर घेऊन फिरणार असाल तर वर ब्लेडबद्दल जे बोललो त्यातलं अर्धं विसरा, तोच घ्या. टेबलावरच राहणार असेल तर स्कार.

भावोजी स्कारचं नाव वाचून म्हणणार, बघ, शेवटी जाडच सांगितलास. लिंक त्यांना पाठवतोय.