आमटीचं माप तुझं तू ठरव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. एवढं सगळं फोनवर सांगायला बसले तर निम्मं राहून जाईल, म्हणून निवांत लिहितेय. मी जेवणाचे डबे देणं बंद केल्यावर तू बाहेरच्या खाण्यावर दिवस काढशील असं वाटलं होतं. पण तू कुकर आणलास, तूरडाळ आणलीस आणि ‘काकू, तुमची आमटी शिकवा’ म्हणून मागे लागलास. मला फार आनंद झाला.

आधी डाळीचं बघू. सहा शिट्ट्या करूनही डाळ अख्खी राहते, वर पाणी वेगळं आणि खाली डाळ वेगळी, असं तू लिहिलंस. डाळीचं दुकान बदलू नकोस, पाणी बदलून बघ. इथे पुण्यात कोथरूडला माझ्याकडे खडकवासल्याचं पाणी येतं. तुमच्या पिंपळे सौदागरला महापालिकेचं पाणी पवना धरणातून येतं, तेही डाळीला चांगलंच. पण मोठ्या सोसायट्यांना नळाचं पाणी पुरत नाही, मग टँकर येतात नाहीतर टाकीत बोअरचं पाणी सोडतात. बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या क्षारांमुळे डाळ मऊ पडत नाही, कितीही शिट्ट्या कर. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो का बघ. धरत असेल तर डाळ प्यायच्या पाण्यात शिजवायची, मग काम होईल. आणि तू कुकरमध्ये डाळीबरोबरच टोमॅटो घालतोस ते बंद कर. चिंच, आमसूल, टोमॅटो, आंबट काहीही असो, डाळ बोटचेपी शिजल्याशिवाय तिच्या जवळ न्यायचं नाही. आंबटात डाळ शिजायला फार वेळ घेते.

आता आमटी. अर्धी वाटी तूरडाळ दोन-तीनदा धुऊन अर्धा तास भिजत ठेव. दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब घालून कुकरला लाव. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून पाच मिनिटं राहू दे आणि कुकर आपोआप पडू दे, घाईने शिट्टी उचलू नकोस. डाळ गरम असतानाच रवीने घोट. गार झाल्यावर घोटली तर गुठळ्या राहतात.

फोडणीला घड्याळ उपयोगाचं नाही, तिथे कान लागतो. पातेल्यात दोन चमचे तेल तापव आणि आधी मोहरीचे दोनच दाणे टाकून बघ. लगेच वर येऊन फुटले तर बाकीची मोहरी घाल. दाण्याच्या आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि दाणा फुटतो; तेल पुरतं तापलेलं नसेल तर मोहरी तेलात नुसती पडून राहते आणि जेवताना कडू लागते. तडतड आधी जोरात होईल, मग विरळ होत जाईल. विरळ झाली की गॅस बारीक करायचा, मग हिंग, मग कढीपत्ता आणि सगळ्यात शेवटी हळद. हळद तेलात दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त राहिली की करपते, म्हणून घोटलेली डाळ हाताशी तयार हवी. हळद पडली की लगोलग डाळ ओतायची. त्या क्षणी चर्र आवाज होऊन जो वास येतो ना, हिंगाचा उग्रपणा गेलेला आणि कढीपत्ता पुढे आलेला, तो आला की समज फोडणी जमली. इतकी वर्षं स्वयंपाक करूनही तो वास आला की मला अजून भूक लागते.

मग दीड-दोन वाट्या गरम पाणी, दोन चमचे चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, मीठ आणि एक चमचा गोडा मसाला. मसाला फोडणीत घालायचा नाही, उकळत्या आमटीत घालायचा. त्यातलं तीळ-खोबरं, धने, दगडफूल सगळं आधीच भाजून घेतलेलं असतं. तापल्या तेलात पुन्हा पडलं की जळकट लागतं. सात-आठ मिनिटं चांगली खळखळू दे. ओलं खोबरं असलं तर घाल, नसलं तर अडत नाही. कोथिंबीर मात्र हवीच.

चव बघताना पळीतून तोंडात घेऊ नकोस. चार चमचे आमटी वाटीत काढ, कोमट होऊ दे आणि मग चाख. जीभ पोळली की आंबट-गोडाचा अंदाज येत नाही. आणि भाताच्या दोन शितांबरोबर चाख. नुसती आमटी बरोबर लागते आणि भातावर घेतली की अळणी वाटते, कारण भाताला स्वतःचं मीठ नसतं.

ही झाली माझी आमटी. पण बाळा, तू जन्मभर हीच करत बसावंस असं मला वाटत नाही. का ते सांगते.

डबे करणाऱ्या बाईला मधलं माप धरावं लागतं. नगरची मुलं, रत्नागिरीची मुलगी, एकटे राहणारे आजोबा, सगळ्यांच्या डब्यात एकाच पातेल्यातली आमटी जायची. तिखट बेताचं, गूळ बेताचा, लसूण नाहीच, कारण काहीजण खात नसत. कुणाचंच बिनसू नये अशी आमटी मी करत होते आणि ती मन लावून करत होते. पण अमक्या एकाच्या जिभेला अगदी नेमकी, अशी ती कधीच नव्हती. तशी होणं शक्यच नव्हतं. हॉटेलात जाऊन खा, नाहीतर घरपोच मागव, तिथेही कुणीतरी असंच सगळ्यांना चालेल असं माप धरलेलं असतं. आपल्याला हवं तेवढं आंबट, हवा तेवढा मऊ भात, हवी तेवढी जळजळ, हे सुख फक्त आपल्या स्वतःच्या चुलीवर मिळतं. रोजच्या स्वयंपाकातली मोठी चैन मला तरी हीच वाटते आणि तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

तुझा डबा परत यायचा तेव्हा भाजीचा कप्पा लख्ख असायचा आणि आमटीच्या कप्प्यात तळाला थोडी आमटी उरलेली असायची. झाकणाच्या आतल्या बाजूला शेंगदाण्याच्या चटणीचा लाल तेलकट डाग. घरून आणलेली चटणी तू माझ्या आमटीत कालवून खात होतास, हे मला कळत होतं. तू बार्शीचा. तुमच्याकडची आमटी झणझणीत, लसणाची, काळ्या तिखटाची. तिथे आमटीला गूळ घालतात म्हटलं तर लोक हसतील. तुझी जीभ त्या चवीवर वाढलीय. तेव्हा पहिल्या दोन वेळा मी सांगितली तशी कर, म्हणजे हात बसेल. पुढच्या वेळी मोहरीनंतर चार पाकळ्या लसूण ठेचून घाल आणि लालसर होऊ दे. त्याच्या पुढच्या वेळी गूळ निम्मा कर. मग गोड्या मसाल्याच्या जागी आईकडून आणलेलं काळं तिखट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. एक साधी वही ठेव आणि त्यात दोन ओळी लिहीत जा: आज चिंच किती, गूळ किती, कसं लागलं. आईला फोन करून विचारशील तेव्हा ‘किती घालतेस’ असं विचारू नकोस, ती ‘अंदाजाने’ म्हणेल. ‘तिखट घालतेस तेव्हा आमटी कशी दिसते, वास कसा येतो’ असं विचार. त्याचं उत्तर तिला नक्की देता येईल.

भाताकडे आपली मुलं लक्ष देत नाहीत, आणि तिथेच अर्धं जेवण असतं. आमटीला लांब शिताचा मोकळा भात नको. इंद्रायणी घे. आंबेमोहोराचा वंश आहे तो, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला, १९८७ सालापासून शेतकऱ्यांकडे आलेला. शिजताना घरभर वास येतो आणि भात मऊ, किंचित चिकट होतो, आमटी धरून ठेवतो. दिवाळीनंतर बाजारात येतो तो नवा तांदूळ. त्याला पाणी थोडं कमी लागतं, जुन्याला जास्त. दुकानदाराला नवा की जुना हे विचारूनच घे. वाटीला दोन वाट्या पाण्यापासून सुरुवात कर आणि पुढचं तुझ्या आवडीवर सोड. मला स्वतःला अगदी गुरगुट्या भात आवडतो, वर तूप-मीठ आणि मेतकूट. ताप असो वा नसो.

भाजी अ‍ॅपवरून मागवतोस ते कामाच्या दिवसांत ठीक आहे. पण महिन्यातून एकदा तरी मंडईत ये. कासारवाडीहून मेट्रोत बसलास की थेट मंडई स्टेशनला उतरतोस. १८८६ साली रे मार्केट म्हणून सुरू झालेली ती दगडी इमारत तू बाहेरून पाहिली असशीलच, आता तिला महात्मा फुले मंडई म्हणतात. आत तर फीरच, पण बाहेर वाटे लावून बसलेल्या बायकांकडे आधी जा. एकट्या माणसाला अर्धा किलो पावटा घेऊन करायचं काय? त्या वाट्यावर देतात, आणि कशात काय घालायचं ते विचारलंस तर कृतीही सांगतात. आत्ता जानेवारीत सगळं हिरवंगार आहे: पावटा, सोलाणे, मटार, चाकवत, कोवळी वांगी, गाजरं. भोगीला आपण ही सगळी एकत्र करून तिळाचं कूट घालून लेकुरवाळी भाजी करतो, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. भोगी होऊन गेली म्हणून ती भाजी करायची नाही असं थोडंच आहे? थंडी आहे तोवर मी दर आठवड्याला करते. एप्रिलमध्ये कैऱ्या आल्या की वाटल्या डाळीत कैरी किसून घालायची. पावसाळ्यात मुळशीकडून रानभाज्या येतात. कुठल्या महिन्यात काय खावंसं वाटायला हवं हे मंडईत नुसती चक्कर मारली तरी कळतं.

पोळ्या विकत आण. तुझ्या घराजवळ पोळीभाजी केंद्र असेल, तिथल्या पोळ्या चांगल्या असतात आणि त्यावर कुणाचं तरी घर चालतं. ज्वारीची भाकरी मात्र शीक, कारण ती तव्यावरून ताटात आली पाहिजे. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणायचं. जुन्या पिठाची विरी जाते, म्हणजे पीठ धरून राहत नाही, आणि भाकरी थापताना कडेला चिरत जाते. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवायचं. ते हाताच्या तळव्याने परातीत भरपूर मळायचं, इतकं की गोळा दाबला तर कडेला भेग दिसू नये. थापून तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची आणि दुसरी बाजू नीट भाजून झाली की पहिली बाजू थेट आचेवर धरायची. टम्म फुगेल. पहिल्या काही नकाशासारख्या होतील, त्या आमटीत कुस्करून खा. तुमच्याकडे तशीच खातात आणि लागते छान.

ऑफिसातून दमून येशील त्या दिवशी यातलं काही करू नकोस. पिठलं कर. बेसन पाण्यात कालवून ठेवलं आणि कांदा-मिरचीची फोडणी केली की पाव तासात ताट तयार. शनिवारी सकाळी मटकी भिजत घातलीस तर रात्री उपसून फडक्यात बांधून ठेव. थंडीत मोड यायला वेळ लागतो, डबा गॅसजवळ उबेला ठेवायचा. आणि जेवताना फोन बाजूला ठेवून ताटात वाढून घे. कढईतून उभ्याउभ्या खाल्लं की चार घासांत भूक मरते आणि आपण काय केलंय तेही कळत नाही. तुझा फ्लॅटमधला मित्र बाहेरच खातो म्हणालास. त्याला शिकवायला जाऊ नकोस. फोडणीचा वास त्याच्या खोलीपर्यंत जाईल, येईल तो आपणहून वाटी घेऊन. आला की त्याच्याकडून कांदा चिरून घे.

भांड्यांचं विचारलंस. लोखंडी तवा, एक जाड बुडाचं पातेलं, लोखंडी फोडणीची पळी, रवी आणि परात, एवढ्यावर वर्षभर निभेल. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत एका फेरीत सगळं मिळतं. तवा आणलास की घासून धू, कोरडा कर, तेल लावून तापव, असं तीन-चार वेळा करून मगच वापरायला घे. कुकर तू पाच लिटरचा आणला आहेस, त्यात एकट्याची डाळ तळाशी पसरते आणि लागते. बदलून तीन लिटरचा मिळतो का बघ. मिळाला नाही तर तळाला पाणी घालून डाळ आणि भात आतल्या डब्यांत एकावर एक ठेवून लाव. डाळीचा डबा खाली ठेव, तिला जास्त आच लागते.

डाळ शिजली का ते कळव.

तुझी,
काकू