घरच्या टेबलावर असईची लढाई
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी बरीच पत्रं मिनिएचर वॉरगेमविषयी आहेत. छोटे सैनिक टेबलावर मांडायचे आणि मोजपट्टी व फासे घेऊन इतिहासातली लढाई दोघांनी खेळायची, असा हा खेळ.

प्रश्न (ठाणे) : मुलगी बारा वर्षांची आहे. तिला इतिहासाची आवड आणि मला छोट्या सैनिकांचं वेड. दोघांनी मिळून पानिपत मांडायला घेतलं, पण सैनिकांचा हिशोब करता करताच थकलो. सुरुवात कुठून करावी?

पानिपत तूर्त बाजूला ठेवा. दोघांच्या खेळाला अशी लढाई हवी, जिचं मैदान जेवणाच्या टेबलावर मावतं आणि जी एका दुपारीत निकाली निघाली. आमची पसंती असईला. २३ सप्टेंबर १८०३, आजचा जालना जिल्हा. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली. मैदान म्हणजे केळणा आणि जुई या दोन नद्यांमधली जमिनीची जीभ. दोन्ही बाजूंना पाणी असल्यामुळे टेबलाच्या कडा आपोआप ठरतात. नव्या खेळाडूला याची फार मदत होते, कारण ‘माझी फौज कुठून कुठपर्यंत?’ हा प्रश्नच उरत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. असईत दोन्ही खेळाडूंना खरोखर विचार करावा लागतो. इंग्रजांची फौज लहान. शिंद्यांच्या बाजूला कवायती पायदळ दहा हजारांहून जास्त, तोफा शंभराच्या आसपास आणि घोडदळ तर अफाट. पण त्या घोडदळातलं बहुतेक लढाईत उतरलंच नाही, म्हणून टेबलावर ते तीनच तुकड्यांनी दाखवलं तरी इतिहासाशी बेइमानी होत नाही. सैनिकांचा आकडा तिथेच आटोक्यात येतो.

टेबल १२० × ९० सेंमी घ्या आणि १ सेंमी म्हणजे साधारण २० मीटर धरा. सुमारे ५०० जणांची पलटण रांगेत उभी राहिली की टेबलावर तिची रुंदी ८ सेंमी होते. म्हणून ४ × ३ सेंमीचे दोन बेस (सैनिक ज्यावर चिकटवायचे ते चपटे तुकडे) मिळून एक पलटण. १/७२ मापाचे मऊ प्लास्टिकचे सैनिक वापरणार असाल तर एका बेसवर तीन, म्हणजे पलटणीत सहा. स्वारांचे बेस ४ × ५ सेंमी, प्रत्येकावर दोन घोडे आणि दोन बेसची एक तुकडी. तोफेला एक बेस आणि दोन गोलंदाज.

इंग्रजांकडे ७४वी आणि ७८वी या दोन गोऱ्या पलटणी, मद्रासच्या चार, पहाऱ्याच्या शिपायांची एका बेसची तुकडी, घोडदळाच्या दोन तुकड्या आणि दोन तोफा. शिंद्यांकडे पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या पाच पलटणी, ड्युपाँ या दुसऱ्या युरोपीय अधिकाऱ्याच्या दोन, सरधन्याच्या बेगम समरूने पाठवलेल्या दोन, घोडदळाच्या तीन तुकड्या आणि सहा तोफा. बेरीज केली तर पायदळ ९३, स्वार २०, गोलंदाज १६.

पण हे सगळं विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचे तुकडे त्याच मापात कापा, त्यांवर पेनाने पलटणीचं नाव लिहा आणि दोन-तीन डाव तसेच खेळा. खेळ आवडतोय का, टेबल पुरतंय का, मुलीला कोणती बाजू भावते, हे सगळं त्यात कळतं. आधी सैनिक रंगवायला बसलेल्या घरांत अर्धी फौज रंगते आणि खेळ कधी सुरूच होत नाही.

प्रश्न (पुणे) : भाच्याबरोबर दर रविवारी खेळतो. इंग्रजी नियमपुस्तक वापरतो, पण चार तासांत जेमतेम तीन फेऱ्या होतात. तो मोबाइल काढून बसतो. दोन तासांत संपेल असे नियम सुचवाल का?

मोठ्या नियमपुस्तकांत वेळ जातो तो तक्त्यांत. गोळीबाराच्या प्रत्येक वेळी सहा-सात बेरजा-वजाबाक्या कराव्या लागल्या की मुलाचं लक्ष उडणारच. पुढचे नियम एका पानावर मावतात. डाव दहा फेऱ्यांचा. एका फेरीला नऊ-दहा मिनिटं धरली तरी दोन तासांच्या आत संपतो.

प्रत्येक पलटणीला चार ‘दम’ द्या, घोडदळाच्या तुकडीला तीन, तोफेला आणि पहाऱ्याच्या तुकडीला दोन. मार बसला की बेसमागे एक शेंगदाणा किंवा मणी ठेवायचा. ज्याची पाळी असेल त्याने आधी हलवायचं, मग गोळीबार, मग हातघाई. पायदळाने १० सेंमी जायचं, घोडदळाने २०. नदी फक्त उतारावरूनच (पायी ओलांडण्याजोग्या उथळ जागेवरूनच) ओलांडता येते आणि त्यात अख्खी पाळी जाते.

गोळीबारात पलटण ५ सेंमीपर्यंत दोन फासे टाकते. ४, ५, ६ आले की मार लागला. तोफ १५ सेंमीच्या आत छर्रे मारते, म्हणून तीन फासे आणि ४, ५, ६ ला मार. त्यापुढे ४० सेंमीपर्यंत गोळा, फासा एकच आणि ५ किंवा ६ हवा. पलटणीचे दोन दम गेले की एकदा फासा टाका. १ किंवा २ आला तर ती १० सेंमी मागे सरते. ७४वी आणि ७८वी फक्त १ आला तरच मागे सरतात.

हातघाईत दोघांनी एकेक फासा टाकायचा आणि त्यात उरलेले दम मिळवायचे. हरलेल्याचे दोन दम जातात आणि तो मागे सरतो, जिंकणाऱ्याचा एक जातो. बरोबरी झाली तर दोघांचा एकेक. घोडदळाने आधीच दोन दम गमावलेल्या पायदळावर हल्ला केला तर त्याला दोन जास्त. ताज्या पलटणीवर समोरून गेलं तर काहीच जास्त नाही.

हुकमाचा नियम मात्र गाळू नका. शिंद्यांच्या बाजूने पाळीच्या सुरुवातीला पोलमन, ड्युपाँ आणि बेगम या तीन तुकड्यांसाठी वेगवेगळा फासा टाकायचा. १ किंवा २ आला की ती तुकडी जागची हलत नाही, गोळीबार मात्र करू शकते. दौलतराव आणि रघूजी दोघेही रणातून लवकर निघून गेले, सूत्रं पोलमनकडे राहिली. हे दाखवायला एवढा एक फासा पुरतो. इंग्रजांच्या बाजूने पहाऱ्याची तुकडी पहिल्यांदा हलवताना फासा टाका. १ ते ३ आला तर ती उजवीकडे भरकटते आणि थेट असई गावाच्या रोखाने चालू लागते. प्रत्यक्षात तेच झालं होतं, आणि तिच्यामागोमाग ७४वी पलटणही तिकडे ओढली गेली.

घड्याळाचा एक नियम घरासाठी सोयीचा आहे. पाळी सुरू झाली की चार मिनिटांचा गजर लावा. गजर होईपर्यंत जे हललं नाही ते उभं राहिलं. मामांनाही तोच नियम.

प्रश्न (नागपूर) : आम्ही दोघे भाऊ असई खेळतो. धाकटा नेहमी शिंद्यांकडून असतो आणि नेहमी हरतो. इतिहासात हरले म्हणून टेबलावरही हरायलाच हवं का?

मुळीच नाही. लढाई किती अटीतटीची होती ते आकड्यांवरून पाहा. इंग्रजांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ जण होते, आणि फौजच लहान असताना हा फार मोठा फटका होता. तुमच्या डावात तसा मार बसत नसेल तर बहुधा तोफा चुकीच्या जागी आहेत.

मांडणी अशी करा. टेबलाची लांब बाजू पूर्व-पश्चिम. केळणा दक्षिणेच्या कडेने, जुई उत्तरेच्या कडेने. पश्चिमेला दोन्ही नद्यांत ७० सेंमीचं अंतर ठेवा आणि पूर्वेकडे संगमाच्या दिशेने ते ४५ सेंमीपर्यंत कमी करत न्या. असई जुईच्या काठावर. इंग्रज पूर्वेच्या कडेला, पायदळ दोन ओळींत आणि मागे घोडदळ. वेलस्लीला केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड अशी गावं दिसली. अशी गावं आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला आणि तिथूनच तो पलीकडे आला. शिंद्यांचं पायदळ आधी दक्षिणेकडे तोंड करून उभं होतं, पण पोलमनने ते झपाट्याने पूर्वेकडे वळवलं. डाव इथून सुरू करा. पोलमन आणि ड्युपाँ पुढच्या ओळीत, त्यांची उजवी बाजू केळणेला टेकलेली. बेगमेच्या दोन पलटणी मागे, जुईच्या बाजूला. दोन्ही फौजांमध्ये ५० सेंमी अंतर.

आता तोफा. नवा खेळाडू त्या ओळीने सारख्या अंतरावर मांडतो. हीच चूक. तीन तोफा असईच्या कडेला एकत्र ठेवा, बाकीच्या तीन पायदळाच्या पुढे. एकाच पलटणीवर तीन तोफांचे छर्रे आले की नऊ फासे पडतात आणि सरासरी साडेचार मार लागतात. पलटणीला दम आहेत चार. ७४वी असईसमोर अशीच चिरडली गेली आणि तिचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. मॅक्सवेलच्या इंग्रज घोडदळाने धाव घेतली म्हणून जे उरले ते वाचले.

आणि हा नियम तर घालाच, त्याने धाकट्याचा डाव बदलेल. इंग्रज पायदळ तोफेवर चालून आलं की तोफ टेबलावरून उचलायची नाही. गोलंदाज आडवे करा, तोफ तिथेच राहू द्या. शिंद्यांच्या प्रत्येक पाळीला, त्या तोफेच्या ५ सेंमीत शत्रूची पलटण नसेल तर फासा टाका. ५ किंवा ६ आला की गोलंदाज उठतात आणि तोफ हव्या त्या दिशेला वळवून मारतात, पुढे गेलेल्या इंग्रजांच्या पाठीतसुद्धा. असईत हे खरोखर घडलं. तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज इंग्रज पुढे सरकल्यावर उठले आणि त्यांनी मागून मारा सुरू केला. तोफ कायमची काबीज करायची तर इंग्रज पलटणीने तिथे एक पूर्ण पाळी थांबायचं. म्हणजे थोरल्यापुढे खरा पेच उभा राहतो. पोलमनचा पाठलाग करायचा की मागच्या तोफा सांभाळत बसायचं? आमच्या मते या लढाईचा सगळा रस या एका निर्णयात आहे.

हारजीत अशी ठरवा : दहा फेऱ्यांनंतर सहापैकी चार तोफा कायमच्या इंग्रजांच्या हाती आणि त्यांच्या सहापैकी किमान तीन पलटणी उभ्या असतील तर इंग्रज जिंकले. एरवी शिंद्यांची फौज जिंकली. प्रत्यक्ष लढाईत इंग्रजांना ९८ तोफा मिळाल्या, पण ही अट लावली की टेबलावर ते सोपं जात नाही. एक डाव झाला की बाजू बदला.

प्रश्न (कोल्हापूर) : मुलाने मऊ प्लास्टिकचे सैनिक हौसेने रंगवले, पण संगिनींवरचा आणि बंदुकींवरचा रंग पहिल्याच खेळात निघाला. रंग हलका असावा का?

रंगाचा दोष नाही. या सैनिकांवर साच्यातून सुटण्यासाठीचं तेल राहतं आणि प्लास्टिक मुळातच गुळगुळीत व लवचीक असतं. संगीन वाकते, पण वर वाळलेला रंग वाकत नाही, म्हणून पापुद्रा निघतो. सैनिक कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासा आणि रात्रभर वाळू द्या. मग पांढऱ्या फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून एक पातळ हात द्या. तो पूर्ण वाळल्यावर प्रायमर आणि त्यावर साधे अ‍ॅक्रिलिक रंग, जाड एका हाताऐवजी पातळ दोन. शेवटी संगिनी, बंदुका आणि घोड्यांच्या पायांवर पुन्हा फेविकॉलचा पातळ हात. लावताना तो दुधाळ दिसतो, वाळला की पारदर्शक होतो.

वाकलेली संगीन आधी सरळ करून घ्या. गरम पाण्यात अर्धा मिनिट धरायची, बोटाने सरळ करायची आणि लगेच थंड पाण्यात बुडवायची. गरम पाण्याचं काम मोठ्यांनी करावं. खेळताना सैनिकाला डोक्याला धरून उचलू नये, बेसला धरावं. निम्मी झीज त्यानेच वाचते.

बेसच्या मागच्या कडेला प्रत्येक बाजूचा एकेक रंग द्या. शिंद्यांच्या कवायती पलटणीही युरोपीय धर्तीवर तयार झालेल्या होत्या, त्यामुळे दोन्हीकडचे सैनिक सारखेच वाटतात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात आपली कोणती आणि परकी कोणती यावरून हमखास वाद होतात.

प्रश्न (चिपळूण) : मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला आणि सगळी फौज पांढुरकी झाली. पावसाळ्यात कसं करायचं?

पावसाळ्यात स्प्रे नको. हवेतला ओलावा न वाळलेल्या थरात अडकतो आणि तो धुरकट होतो. पाण्यात मिसळणारं मॅट व्हार्निश ब्रशने, पातळ लावा. जे पांढुरकं झालंय त्यावर कोरड्या दिवशी ग्लॉस व्हार्निशचा एक हात देऊन पाहा. बऱ्याचदा रंग पुन्हा उजळतात, मग वर मॅट.

प्रश्न (दुबई) : वडील सांगलीला आहेत. त्यांच्याबरोबर व्हिडिओ कॉलवर खेळता येईल का?

येईल, फक्त मोजपट्टी सोडून चौकोन घ्या. टेबलावर १० सेंमीचे चौकोन खडूने आखा. आडवे बारा, उभे नऊ. आडव्यांना अक्षरं आणि उभ्यांना आकडे द्या, म्हणजे ‘बेगमेची पहिली पलटण ग-४ वर’ एवढं सांगून भागतं. पायदळ एक घर, घोडदळ दोन. बंदुकीचा पल्ला लागूनचं घर, छर्रे दोन घरं, गोळा चार घरं. एका घरात एकाच बाजूच्या दोन पलटणी मावतात. कॅमेरा तिरपा ठेवला तर मागचे चौकोन दिसत नाहीत, म्हणून फोन टेबलाच्या वर, भिंग सरळ खाली राहील असा बांधा. फासे ज्याच्या घरी टेबल आहे त्यानेच टाकावेत, डब्याच्या झाकणात, कॅमेऱ्यासमोर. डाव अर्धा राहिला तर वरून एक फोटो काढून दोघांनी जपून ठेवा. पुढच्या शुक्रवारी त्यावरून मांडणी दहा मिनिटांत पुन्हा उभी करता येते.