कमल पास, कमला नापास: पायथनच्या संदर्भ-पानांना हात लावण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वर्गात पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकवताना स्ट्रिंगच्या (म्हणजे मजकुराच्या) मेथडचं, म्हणजे त्यावर चालणाऱ्या तयार क्रियांचं, अधिकृत पान मुलांना रुक्ष वाटतं, म्हणून ते तुम्ही नव्याने लिहायला घेतलंय. सुरुवातीला स्ट्रिंगची ओळख, प्रत्येक मेथडला पाच-पाच उदाहरणं, जिथे फसगत होते तिथे लाल चौकट. मसुदा जवळजवळ तयार आहे. तो एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारा अशा विनंतीत) पाठवू का, असं विचारताय.

नका पाठवू. मसुदा वाईट आहे म्हणून नव्हे. तुम्ही टाकलेला भाग वाचला, शिकवणाऱ्याचा हात त्यात दिसतो. पण ते पान ज्याच्यासाठी लिहिलंय तो माणूस तुमच्या वर्गात बसलेलाच नाही. (मेथडची नावं देवनागरीत लिहितोय, ओळखून घ्या.)

तो माणूस कसा असतो हे मला चांगलं माहीत आहे, कारण एकदा तो मीच होतो. एका ग्राहकासाठी आम्ही मराठी नावांची नोंदणी करणारा फॉर्म केला होता. नावात आकडे, स्वल्पविराम वगैरे घुसू नयेत म्हणून कुणीतरी 'इज-अल्फा' ही, स्ट्रिंगमध्ये फक्त अक्षरंच आहेत का ते तपासणारी मेथड लावून टाकली. टेस्ट सगळ्या इंग्रजी नावांवर, त्यामुळे सगळ्या हिरव्या. फॉर्म चालू झाला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला: कमल पास होते, कमला नापास. मदन जातो, मोहन अडतो. रात्री ऑफिसात बसून मी ते पान उघडलं. मला तेव्हा स्ट्रिंग म्हणजे काय हे कुणी सांगायला नको होतं. मला एवढंच हवं होतं की या मेथडच्या लेखी 'अक्षर' म्हणजे नक्की काय.

आणि उत्तर तिथे होतं! युनिकोडच्या (जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) डेटाबेसमध्ये जे 'लेटर' या गटात मोडतं ते अक्षर, असं पानावर स्पष्ट लिहिलं होतं. त्या गटाच्या पाच उपगटांची दोन-दोन अक्षरी नावंही होती. चूक एका शब्दाचीही नाही. फक्त त्या दोन-अक्षरी नावांपासून 'आपला काना युनिकोडच्या लेखी लेटर नाही, तो मार्क (अक्षराला जोडलेली खूण) आहे' इथपर्यंत पोहोचायला मला बराच वेळ लागला. तेवढ्यात घरून दोन फोन येऊन गेले. पानावर कमल आणि कमला ही दोनच उदाहरणं असती, एकाला खरं आणि एकाला खोटं, तर काम दोन मिनिटांत झालं असतं.

संदर्भ-पान सुधारायचं म्हणजे माझ्या मते हेच. बरोबर पण हाताला न लागणारं उत्तर वाचणाऱ्याच्या हाताला लागेल असं करायचं. त्यासाठी पान नव्याने लिहावं लागत नाही, दोन ओळी लागतात. पण कुठल्या दोन, हे ठरवायला कधीतरी स्वतः अडखळलेलं असावं लागतं.

डॉक्युमेंटेशन कसं लिहावं यावर काम करणारे डानिएले प्रोचिदा यांनी त्याचे चार प्रकार वेगळे काढून दाखवले आहेत: शिकवणारं, एखादं काम करून देणारं, संदर्भासाठीचं आणि समजावून सांगणारं. तुमचा मसुदा पहिल्या प्रकारचा आहे आणि तुम्ही तो तिसऱ्याच्या जागी बसवताय. पायथनच्या डॉक्समध्ये ट्युटोरियल वेगळं आहे, हाऊ-टू वेगळे आहेत. स्ट्रिंगची ओळख तिथे शोभेल. बिल्ट-इन टाइप्सचं पान आधीच इतकं लांब आहे की सर्चमधून येणारा माणूस थेट मधोमध उतरतो. तुमची प्रस्तावना त्याच्या नजरेलाही पडणार नाही.

आता उदाहरणांबद्दल. पाच नकोत, एक द्या, पण जिथे माणूस चुकतो तिथलं. स्ट्रिंगच्या सुरुवातीची अक्षरं काढणारी 'एल-स्ट्रिप' घ्या. तिला दिलेली स्ट्रिंग म्हणजे उपसर्ग नसून सुट्या अक्षरांचा संच असतो, हे पानावर लिहिलेलं आहे. तरी लोक चुकत राहिले. मग पायथन 3.9 मध्ये, म्हणजे 2020 साली, नेमका उपसर्ग किंवा प्रत्यय काढणाऱ्या 'रिमूव्ह-प्रिफिक्स' आणि 'रिमूव्ह-सफिक्स' आल्या, आणि एल-स्ट्रिपच्या नोंदीत एक फार नेमकं उदाहरण आलं: 'आर्थर: थ्री!' या इंग्रजी मजकुरातून 'आर्थर: ' काढायला गेलात तर हातात 'थ्री' न येता शेवटची दोन 'ई' आणि उद्गारचिन्ह एवढंच उरतं. त्याच्याच खाली रिमूव्ह-प्रिफिक्सचं बरोबर उत्तर. गंमतही आहे आणि शेजारच्या मेथडकडे बोटही आहे.

हे वाचल्यावर मी आपल्याकडचं करून पाहिलं. 'श्री गणेश' मधून एल-स्ट्रिपने 'श्री ' काढा, 'गणेश' मिळतो. सगळं आलबेल. आता 'श्री रमेश' वर तेच करा. 'मेश' मिळतो, कारण श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी आणि स्पेस हा सगळा संच झाला, आणि रमेशचा र त्यात सापडला. गणेशवर टेस्ट लिहिणाऱ्याला हा घोळ कधीच दिसणार नाही. उदाहरण निवडायचं ते असं: बहुतेक वेळा चालतं आणि नेमक्या एका जागी मोडतं, ती जागा दाखवणारं.

शेजारच्या मेथडकडे बोट दाखवणं हे उदाहरणांपेक्षाही महत्त्वाचं आहे असं आता मला वाटायला लागलंय. संदर्भ बघायला येणारा माणूस पुष्कळदा चुकीच्याच नोंदीवर उतरलेला असतो. 'इज-डिजिट', 'इज-डेसिमल' आणि 'इज-न्यूमरिक' या आकडे तपासणाऱ्या तिघी बहिणी बघा. '१२३' हे देवनागरी आकडे मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या 'इंट'ला दिले तर तो मुकाट्याने एकशे तेवीस देतो (मात्रांशी वैर धरणारा पायथन आकड्यांच्या बाबतीत एकदम उदार!). पण वर्गाच्या खुणेचा तो छोटा, वर चढवलेला दोन (²) इज-डिजिटच्या परीक्षेत पास होतो आणि इंटमध्ये टाकला की एरर येते. पुढे इंट करायचं असेल तर आधी इज-डेसिमलने तपासावं. हे वाक्य इज-डिजिट वाचणाऱ्याला तिथल्या तिथे मिळालं पाहिजे, तिन्ही नोंदी शेजारी मांडून स्वतः ताडून पाहायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

लाल चौकटी मात्र सरसकट काढा. पायथनच्या डेव्हलपर गाइडचा सूर स्पष्ट आहे: भाषा काय करते ते होकारार्थी सांगा, सुरक्षेचा किंवा प्रोग्राम कोसळण्याचा प्रश्न सोडला तर 'हे धोकादायक आहे' अशी भाषा टाळा, आणि थोडक्यात लिहा. मला सुरुवातीला हे अंगावर आलं होतं. पण वीस चौकटी असलेल्या पानावर एकविसावी कुणी वाचत नाही, हे आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावरून तुम्हालाही ठाऊक असेल.

एका बाबतीत मात्र थोडं जास्त सांगतो, कारण इथे चांगले चांगले घसरतात. संदर्भ-पानावरचं प्रत्येक वाक्य म्हणजे शब्द दिल्यासारखं असतं. डिक्शनरीतल्या (कळ आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या साठ्यातल्या) कळांचा क्रम टिकतो, हे 3.6 मध्ये प्रत्यक्षात घडत होतं, पण तेव्हा ते सीपायथनच्या (पायथनच्या मूळ अंमलबजावणीच्या) अंतर्गत रचनेचा परिणाम म्हणूनच नोंदवलं होतं, त्यावर विसंबू नका असंही म्हटलं होतं. डिसेंबर 2017 मध्ये पायथनचे जनक ग्वीडो वान रॉसम यांनी निर्णय दिला आणि 3.7 पासून ती भाषेची हमी झाली. वागणूक तीच, शब्द बदलला आणि त्याबरोबर पायपाय, मायक्रोपायथन अशा इतर अंमलबजावण्या करणाऱ्यांवरची अपेक्षाही बदलली. तुम्ही तुमच्या मशीनवर चालवून पाहिलं आणि 'हे नेहमी असं होतं' असं लिहिलंत, तर ज्या गोष्टीचा शब्द कुणी दिलाच नव्हता तो तुम्ही देऊन टाकलात. तुमच्या मसुद्यात दोन सारख्याच छोट्या स्ट्रिंग मेमरीत एकच असतात असं एक वाक्य आहे. ते आधी खोडा.

उलट बाजूही आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रातलं) 'शब्दातलं अक्षर' हे चिन्ह 'मराठी' या शब्दाचे तुकडे करतं: 'मर' आणि 'ठ'. काना आणि वेलांटी गळून पडतात. युनिकोडची या विषयावरची शिफारस मात्रांना शब्दाचा भाग मानते, म्हणजे आपली तक्रार रास्त आहे. पण ती वागणुकीबद्दलची तक्रार आहे, डॉक्सबद्दलची नव्हे. डॉक्सने आज जे घडतं तेच लिहायचं. वागणूक बदलायची असेल तर तो इश्यू (प्रकल्पाकडे केलेली नोंद) वेगळा, त्यावरची चर्चा वेगळी. दोन्ही एकाच पुल रिक्वेस्टमध्ये कोंबलीत तर दोन्ही रखडतील.

अजून एक, तुम्हाला कदाचित माहीत नसेल. रस्ट किंवा जावा या भाषांमध्ये संदर्भ-पानं कोडमधल्या कॉमेंटपासून तयार होतात. पायथनमध्ये साइटवरचं लायब्ररीचं पान हाताने लिहिलेलं असतं आणि 'हेल्प' टाकल्यावर दिसतो तो डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेलं वर्णन) वेगळा मजकूर असतो. स्ट्रिपच्या डॉकस्ट्रिंगमध्ये 'दिलेली अक्षरं काढते' एवढंच आहे, 'हा उपसर्ग नव्हे' ही फोड साइटवर आहे. मुलं हेल्प वापरत असतील तर ती साइट न बघताच फसणार. रस्टची एक सवय मात्र उचलण्यासारखी आहे: फंक्शन कधी पॅनिक होतं (अचानक थांबतं), कधी एरर देतं, याला तिथे स्वतंत्र मथळे असतात. पायथनच्या गाइडमध्येही साइड इफेक्ट आणि संभाव्य एक्सेप्शन नोंदवा असं सांगितलंय, पण जुन्या नोंदींत ते सगळीकडे पाळलेलं नाही. नवख्या माणसाला काम शोधायचं असेल तर हे शेत मोकळं आहे.

आता पद्धत, भराभर. आधी सर्वांत नव्या आवृत्तीचं पान बघा. अलीकडे स्ट्रिंगच्या बऱ्याच मेथडना उदाहरणं जोडली गेली आहेत, तुमचं काम कुणी आधीच केलेलं असू शकतं. पानाच्या बाजूला मूळ मजकूर दाखवणारी लिंक असते. तो स्फिंक्ससाठीच्या मार्कअपमध्ये असतो (स्फिंक्स हे मजकुरापासून पानं बनवणारं साधन गेऑर्ग ब्रांडल यांनी मुळात पायथनच्याच डॉक्ससाठी लिहिलं, नंतर ते इतरत्र पसरलं). डॉक्सच्या फोल्डरमध्ये मेक चालवून पान स्वतःच्या मशीनवर बांधून बघा. उदाहरणाचं उत्तर इंटरप्रिटरमधून उचला, मनाने टाइप करू नका. नुसती टायपो असेल तर इश्यू लागत नाही, थेट पुल रिक्वेस्ट चालते. पहिल्या वेळी योगदानाच्या करारावर सही करावी लागते. मजकूर जुन्या चालू आवृत्त्यांनाही लागू असेल तर रिव्ह्यू करणारे तसं लेबल लावतात आणि मिस इस्लिंग्टन नावाचा बॉट बॅकपोर्ट करतो, म्हणजे तो बदल त्या आवृत्त्यांतही नेतो. तिचे आभार मानायची गरज नाही, मी एकदा मानले होते.

तुमच्या चाळीस बदलांपैकी मला तीन आत्ताच पाठवण्याजोगे वाटतात: इज-अल्फाला मात्रेचं उदाहरण, इज-डिजिटवरून इज-डेसिमलकडे निर्देश, आणि स्प्लिटबद्दल तुम्ही लिहिलेली ती ओळ, की रिकाम्या स्ट्रिंगला सेपरेटर (कुठे फोडायचं ते चिन्ह) न देता फोडलं तर रिकामी लिस्ट येते आणि स्वल्पविराम देऊन फोडलं तर एक रिकामी स्ट्रिंग असलेली लिस्ट. हे पानावर वाक्यात आहे, पण तुम्ही दोन्ही शेजारी ठेवलीत ते जास्त चांगलं आहे. तीन वेगळ्या पुल रिक्वेस्ट करा. पहिली कमल-कमलाची. उरलेला मसुदा फेकू नका, त्याचं मराठीत ट्युटोरियल करा, मी माझ्याकडच्या नव्या मुलांना तेच देईन. इश्यू उघडलात की क्रमांक इथे टाका, शनिवारी दुपारी बघतो.